किनाऱ्यावरचा कचरा उचला, पण मोजूनही ठेवा

पाण्याची रिकामी बाटली झाकण काढलेल्या अवस्थेत समुद्रात पडली, तर बाटली आणि झाकण यांचे रस्ते लगेच वेगळे होतात. बाटली असते पीईटी नावाच्या प्लास्टिकची. ते पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे आत पाणी शिरलं की बाटली तळाला जाते. झाकण असतं पॉलिइथिलीनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, आणि ही दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. ते तरंगत राहतं, वारा आणि प्रवाह नेतील तिकडे महिनोन्महिने फिरतं आणि कधीतरी एखाद्या किनाऱ्याला लागतं. म्हणूनच भरतीने आणून टाकलेल्या ओळीत नीट पाहिलं तर झाकणंच झाकणं दिसतात, त्यांच्या बाटल्या मात्र फारशा दिसत नाहीत. किनाऱ्यावर जे दिसतं तो समुद्रात गेलेल्या कचऱ्याचा एक भाग असतो, आणि तोही मुख्यतः तरंगणारा.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे सागरी कचऱ्याबद्दल आपल्या डोळ्यांपुढे येणारं चित्र बहुतेक वेळा चुकीचं असतं. महासागराच्या मधोमध कचऱ्याचं एक बेट तरंगतंय, त्यावर चालताही येईल, असं अनेकांना वाटतं. अमेरिकन नाविक चार्ल्स मूर हे १९९७ साली हवाईहून कॅलिफोर्नियाला नौकेने परतत असताना त्यांना दिवसेंदिवस पाण्यात प्लास्टिकचे तुकडे दिसत राहिले, आणि तेव्हापासून उत्तर पॅसिफिकमधल्या या भागाची चर्चा सुरू झाली. तो भाग मोठा आहे यात वाद नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचं क्षेत्रफळ सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर आणि त्यातल्या प्लास्टिकचं वजन सुमारे ७९ हजार टन धरलं होतं. पण भागाकार करून पाहा. एका चौरस किलोमीटरला पन्नास किलोच्या आसपास! हे बेट नव्हे. हे एवढ्या मोठ्या पाण्यात विखुरलेले तुकडे आहेत, बरेचसे नखाएवढे किंवा त्याहून लहान. गोळा करायला याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही.

समुद्रात एकूण जातं तरी किती? २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधक जेना जॅमबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला अंदाज आजही सगळ्यात जास्त सांगितला जातो. २०१० या एका वर्षात किनारपट्टी असलेल्या १९२ देशांमधून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं असावं, असं त्यांचं गणित होतं. त्याच सुमाराला, २०१४ मध्ये, दुसऱ्या एका गटाने समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणारं सगळं प्लास्टिक मिळून सुमारे २ लाख ६९ हजार टन धरलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न पडतोच, बाकीचं गेलं कुठे? पुढच्या अभ्यासांनी दोन्ही आकड्यांत बऱ्याच दुरुस्त्या सुचवल्या. तरी तरंगताना दिसतो तेवढाच कचरा नसतो, हे कायम राहिलं. काही थेट बुडतं. काहींवर शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटून वजन वाढतं आणि मग ते बुडतं. काही जिवांच्या पोटात जातं. आणि बरंच काही किनाऱ्यांवर येऊन पडतं, वाळूत गाडलं जातं, पुढच्या वादळात परत पाण्यात जातं.

किनाऱ्यावर प्लास्टिकचं काय होतं

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

प्लास्टिक तुटायला तीन गोष्टी लागतात: ऊन, उष्णता आणि प्राणवायू. खोल समुद्रात ऊन आणि उष्णता जवळजवळ नसतेच, आणि प्राणवायूही हवेपेक्षा खूप कमी असतो. तिथे अंधार, थंडी आणि स्थिर पाणी. तिथे गेलेली वस्तू जशीच्या तशी पडून राहते. पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेत जवळपास ११ किलोमीटर खोलीवर प्लास्टिकची पिशवी दिसली आहे. किनाऱ्यावर मात्र तिन्ही गोष्टी भरपूर असतात. वर कडक ऊन, खाली तापलेली वाळू, शिवाय लाटांचं घासणं. प्लास्टिक पाण्यात असताना जेवढं झिजतं त्याहून कितीतरी वेगाने ते वाळूवर झिजतं.

बराच काळ उन्हात पडलेली पातळ पिशवी उचलून पाहा. दुरून ती अखंड दिसते. बोटांत धरली की तिचा कोपरा तेवढा हातात येतो आणि बाकीच्याचे पापुद्रे होऊन वाळूत मिसळतात. त्या क्षणापर्यंत ती एक पिशवी होती, एका हाताने उचलता येण्याजोगी. त्यानंतर ती हजारो तुकडे झाली, आणि जगातली कुठलीही मोहीम ते तुकडे वाळूतून परत वेचू शकत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली वाळूतले आणि गाळातले असे कण दाखवून दिले, आणि तेव्हापासून या विषयाकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं.

म्हणून ‘आज साफ केलं तरी उद्या परत येणारच, मग उपयोग काय?’ असं कोणी म्हणालं तर माझं उत्तर तयार असतं. वस्तू अख्खी असताना उचलली, तर तिचे तुकडे व्हायचे थांबले. उद्या दुसरी येईल हे खरं, पण त्याने आज उचललेलीचा हिशोब पुसला जात नाही. कचरा हाताने, चिमट्याने, साध्या गोणीत भरता येईल अशी समुद्राच्या वाटेवरची ही शेवटची जागा आहे.

जाता जाता एक गोष्ट. बाटली कुजायला अमुक शे वर्षं, पिशवीला तमुक वर्षं, असे तक्ते फलकांवर सर्रास असतात. मी ते वापरत नाही. तीच पिशवी उन्हात पडली तर काही महिन्यांत भुगा होते आणि समुद्रतळाशी पडली तर किती टिकेल याचा नेम नाही. शिवाय भुगा होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे.

जिवांना नेमका धोका कशाचा

सगळा कचरा सारखा घातक नसतो. मासेमारीची टाकून दिलेली किंवा वादळात तुटून गेलेली जाळी सगळ्यात वाईट. माणूस नसतानाही जाळं आपलं काम करत राहतं. त्यात मासे अडकतात, त्यांना खायला आलेले मोठे मासे अडकतात, कासवं अडकतात. कासवाला श्वास घ्यायला पाण्याच्या वर यावं लागतं, तेच शक्य होत नाही. वर सांगितलेल्या २०१८ च्या अभ्यासात पॅसिफिकमधल्या त्या भागातल्या प्लास्टिकचं जवळजवळ निम्मं वजन, ४६ टक्के, मासेमारीच्या जाळ्यांचं निघालं होतं.

त्याखालोखाल धोका गोल वस्तूंचा: खोक्यांना बांधायची प्लास्टिकची पट्टी, डबे एकत्र धरायची कडी, रबरी रिंग. सील या समुद्री प्राण्याचं पिल्लू खेळताना पट्टीत मान घालतं. पट्टी वाढत नाही, पिल्लू वाढतं, आणि पट्टी हळूहळू कातडीत रुतत जाते. यावरचा उपाय घरच्या घरी, एका सेकंदाचा आहे. जे जे गोल आहे ते कचऱ्यात टाकण्यापूर्वी कात्रीने कापायचं.

फुगेही दिसतात त्यापेक्षा फार घातक असतात. मऊ रबर पक्ष्याच्या आतड्यात जाऊन चिकटतं आणि वाट बंद करतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१९ साली मेलेल्या समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करून सांगितलं की, कठीण प्लास्टिकचा तुकडा गिळण्यापेक्षा फुग्याचा तुकडा गिळल्याने पक्षी मरण्याची शक्यता ३२ पट जास्त असते. समारंभात फुगे आकाशात सोडणं ही सवय आजच्या आज सोडून देता येईल. ती सोडल्याने कोणाचंही काहीच अडत नाही.

मोहीम काढायची तर

चांगल्या मोहिमेची तयारी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकापासून होते. ओहोटी सुरू झाल्यावर उतरायचं आणि पाणी परत चढायच्या आत बाहेर यायचं. जाड हातमोजे आणि बंद बूट लागतात. काचा, गंजलेले पत्रे, सुया यांना उघडा हात लावायचा नाही. बंद पिंप, अनोळखी डबे, दारूगोळ्यासारखं काही किंवा मेलेला प्राणी दिसला, तर हात न लावता स्थानिक यंत्रणेला कळवायचं. मुलं सोबत असतील तर सुया आणि काचांचं काम मोठ्यांनीच करायचं. वाळूत अर्धवट गाडलेलं जाळं ओढून काढायच्या भरीस पडू नये. ते दिसतं त्याच्या कितीतरी पट आत असतं, आणि ओढाताणीत ते तुटतं किंवा माणसाच्या पाठीत उसण भरते. वरची वाळू काढून, जमेल तेवढं कापून घ्यावं.

उत्साहाच्या भरात एक चूक फार होते, ती म्हणजे किनारा ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून वाहून आलेलं शैवाल, लाकडं, शिंपले सगळं उचलणं. तो कचरा नाही. भरतीच्या ओळीतल्या त्या ओल्या शैवालाखाली बारीक किडे आणि उड्या मारणारे जीव राहतात, त्यांच्यावर किनाऱ्यावरचे पक्षी जगतात. तेच शैवाल वाळू धरून ठेवायला मदत करतं. वाळू खरवडणारी मोठी यंत्रं त्यामुळेच मला पटत नाहीत. ती सिगारेटचं थोटूक आणि खेकड्याचं पिल्लू यांत फरक करत नाहीत. कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यांवर तर त्या काळात जाणकारांना विचारल्याशिवाय पाऊलही टाकू नये.

आणि गोळा केलेलं जाणार कुठे, हे आदल्या दिवशीच ठरलेलं हवं. भरलेल्या गोण्या किनाऱ्यावरच ठेवून सगळे घरी गेले आणि रात्री भरती आली, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. समुद्रातून आलेलं प्लास्टिक मिठाने, वाळूने, शेवाळाने माखलेलं आणि उन्हाने कमकुवत झालेलं असतं. त्याचा पुनर्वापर फार थोडा होतो. ‘आम्ही सगळं रिसायकल केलं’ असं सांगण्यापेक्षा ते नीट बंदिस्त कचराभूमीपर्यंत पोचवलं, एवढं खरं सांगितलं तरी पुरे.

मोजल्याने काय झालं

आता शीर्षकातल्या मुद्द्याकडे येतो. १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये लिंडा मॅरानिस यांनी किनारा साफ करायला लोकांना बोलावलं, आणि सुमारे २८०० माणसं आली. मॅरानिस आणि त्यांच्या सहकारी कॅथी ओहारा यांनी तेव्हा प्रत्येकाला केवळ गोणी दिली नाही, हातात एक तक्ताही दिला: काय सापडलं, किती सापडलं. त्यातूनच पुढे दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारच्या सुमारास जगभर होणारी किनारास्वच्छता मोहीम उभी राहिली. आज ओशन कॉन्झर्व्हन्सी ही संस्था तिची आकडेवारी जमवते.

त्या तक्त्यांनी काय शिकवलं? अनेक वर्षं यादीत पहिला क्रमांक सिगारेटच्या थोटकांचा होता. थोटकातला पांढरा बोळा कापसासारखा दिसतो, पण तो सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकच्या धाग्यांचा असतो. हे माहीत नसल्याने अनेकजण थोटूक बिनदिक्कत टाकतात. २०१९ च्या मोजणीत पहिल्यांदाच खाऊच्या वेष्टनांनी थोटकांना मागे टाकलं.

युरोपमध्ये अशाच किनाऱ्यांवरच्या मोजणीचा थेट कायदा झाला. तिथल्या किनाऱ्यांवर सगळ्यात जास्त सापडणाऱ्या, एकदाच वापरायच्या दहा प्लास्टिक वस्तू कोणत्या, हे मोजणीतून कळलं होतं. त्या दहा वस्तू आणि मासेमारीचं सामान मिळून तिथला ७० टक्के सागरी कचरा होत होता. २०१९ साली युरोपीय संघाने त्या यादीवर बोट ठेवून निर्देश काढला, आणि जुलै २०२१ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉ, ताटल्या, काटे-चमचे आणि कान साफ करायच्या काड्यांच्या प्लास्टिक दांड्या विकायला बंदी आली. स्कॉटलंडने कानाच्या काड्यांवर त्याआधीच, २०१९ मध्ये, बंदी घातली होती. कानाची काडी समुद्रात पोचते कशी? लोक ती शौचालयात टाकतात. इतकी बारीक काडी सांडपाणी केंद्राच्या जाळ्यांतून निसटते. हे कोणी प्रयोगशाळेत बसून शोधलं नाही, वर्षानुवर्षं वाळूतून त्या निळ्या-पांढऱ्या काड्या वेचणाऱ्यांनी दाखवून दिलं.

उलट बाजूही मोजणीनेच कळते. काही किनाऱ्यांवर प्लास्टिकचे गोल, दोन ते पाच मिलिमीटरचे दाणे सापडतात. कारखान्यात वस्तू बनवण्यापूर्वीचा हा कच्चा माल. २०२१ साली श्रीलंकेत कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल या मालवाहू जहाजाला आग लागून ते बुडालं, तेव्हा असे शेकडो टन दाणे समुद्रात सांडले आणि स्वयंसेवकांना चाळण्या घेऊन वाळू चाळत बसावं लागलं. इथे कोणा ग्राहकाच्या सवयीचा संबंध नाही. ही जबाबदारी उत्पादकांची आणि वाहतूकदारांची. सगळा दोष घरगुती सवयींवर ढकलणाऱ्यांना हा तक्ता दाखवावा.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी काय करायचं

२०२१ च्या एका अभ्यासानुसार नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक एक हजाराहून थोड्या जास्त नद्या वाहून नेतात. त्याआधी दहा-वीस मोठ्या नद्यांनाच दोषी धरलं जात होतं. या अभ्यासात दाट वस्तीच्या शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्याही पुढे आल्या. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला तरी घराजवळचा नाला त्याच वाटेवर आहे. पावसाळ्यापूर्वी नाल्याकाठचा आणि गटारांच्या तोंडाशी साचलेला कचरा उचलला, तर पहिल्या जोरदार सरीबरोबर वाहून जाणारा मोठा लोंढा थांबतो. एका माणसाच्या एका तासाचं सगळ्यात जास्त चीज इथे होतं, किनाऱ्यापेक्षाही जास्त. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २०१४ पासून नदीच्या मुखाशी पाण्याच्या आणि सूर्याच्या शक्तीवर चालणारं एक मोठं चाक बसवलं आहे. आडव्या तरंगत्या अडसरांनी कचरा त्याच्याकडे वळवला जातो आणि चाक तो उचलून पेटीत टाकतं. माणसाने वेचायच्या आत नदीनेच आणून द्यायची ही सोय.

सवयींपैकी पिशवी, बाटली, कप हे तिन्ही सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. एकच सांगतो, कापडी पिशवीसुद्धा बनवायला पाणी आणि ऊर्जा लागते, म्हणून घरात आहे ती पिशवी फाटेपर्यंत वापरणं हाच खरा फायदा. आणि किंमत मोजावी लागली की सवय बदलते हे आयर्लंडने दाखवलं. २००२ साली तिथे पिशवीमागे १५ सेंट कर लावला आणि वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला.

‘विघटनशील’ या शिक्क्याला मात्र भुलू नका. प्लिमथ विद्यापीठात २०१९ साली अशा पिशव्या तपासल्या गेल्या. तीन वर्षं जमिनीत आणि समुद्रात राहिलेली ‘विघटनशील’ पिशवी बाहेर काढून तिच्यात सामान भरलं, तर ती ते पेलत होती!

कपडे धुण्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिकच्या कपड्यांतून धुताना बारीक तंतू सुटतात आणि सांडपाण्यातून पुढे जातात. यंत्र पूर्ण भरून लावावं, पाणी थंड ठेवावं, कमी वेळाचं चक्र निवडावं. नाजूक कपड्यांसाठी असलेलं चक्र सौम्य वाटतं, पण ते जास्त पाणी घेतं आणि त्याने तंतू जास्त सुटतात, असं न्यूकासल विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये आढळलं. एकदा घातलेला प्रत्येक कपडा धुवायलाच हवा असंही नसतं. ओले पुसणे (वेट वाइप्स), कानाच्या काड्या, सॅनिटरी पॅड यांतलं काहीही शौचालयात टाकायचं नाही. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं आणि तो काठोकाठ भरायच्या आत रिकामा व्हायला हवा. वाऱ्याने उडालेला कचरा हा कोणी मुद्दाम न टाकलेला, तरी समुद्रात पोचणारा कचरा असतो.

सुरुवात करायची तर अशी करा

युरोपातल्या अधिकृत पाहण्यांत १०० मीटरचा एक पट्टा ठरवतात आणि वर्षातून चार वेळा तोच पट्टा मोजतात. ही पद्धत कोणालाही जमण्यासारखी आहे. नाल्याकाठी, तळ्याकाठी किंवा किनाऱ्यावर १०० मीटर आखून घ्या, दोन्ही टोकांना न हलणारी खूण पाहून ठेवा. दर तीन महिन्यांनी तिथलं सगळं उचला आणि तक्त्यात प्रकारवार आकडे लिहा. ‘प्लास्टिक, दोन गोण्या’ असं लिहून काही कळत नाही. झाकणं किती, वेष्टनं किती, थोटकं किती, दोरांचे तुकडे किती, असं लिहा. ब्रँडचं नाव वाचता येत असेल तर तेही.

वर्षभरात चार तक्ते हातात येतील. पहिल्या तीन वस्तूंवर खूण करा आणि प्रत्येकीपुढे लिहा, ती इथे येते कुठून. थोटकं बाकाभोवती सापडत असतील, तर तिथे थोटकांसाठी डबा मागायचा. एकाच कंपनीची वेष्टनं सतत येत असतील, तर छायाचित्रांसह त्या कंपनीला आणि स्थानिक प्रशासनाला पत्र. दोरांचे तुकडे असतील, तर मच्छीमारांशी बोलून तुटके दोर परत घ्यायची सोय बंदरावर करता येते का ते पाहायचं. पुढच्या वर्षी त्याच खुणांमध्ये परत मोजा. डबा बसल्यावर थोटकं कमी झाली की नाही, हे दोन तक्ते शेजारी ठेवले की दिसेल, आणि पुढचं पत्र लिहिताना तोच आकडा कामी येईल.